पाच मिनिटांची कुदळ

१९३८ साली विनोबा भावे यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं. म्हणजे जेमतेम चाळीस किलो. वय बेचाळीस. वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहून, फक्त सूतकताईच्या मजुरीत जेवढं बसेल तेवढंच खायचं, असे प्रयोग त्यांनी चालवले होते. मन त्यात रमलं होतं, पण शरीराने ते पेललं नाही. गांधीजी तेव्हा जवळच सेवाग्रामला होते. त्यांना काळजी वाटली. थंड हवेच्या एखाद्या डोंगरावर जाऊन तब्येत सुधारा, असा त्यांचा आग्रह होता. विनोबांनी निवडलं ते पवनार. वर्ध्याहून आठेक किलोमीटर. धाम नदीच्या काठच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा एक बंगला रिकामा होता, तिथे ते राहायला गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी मनातली सगळी कामं, सगळ्या संस्था, सगळ्या चिंता सोडल्याचा संकल्प तीनदा उच्चारला आणि मग पलीकडच्या काठावर पाऊल ठेवलं.

तिथे त्यांनी औषधोपचार केला नाही. कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं खणायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्यात थोडी भर. असं करत करत ते सलग दोनेक तास खणू लागले. वर्षभराच्या आत वजन चाळीस पौंडांनी वाढलं. त्याच आवारात खणताना जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प आजही पवनारच्या आश्रमात आहे, आणि बघायला येणारे बहुतेक जण त्या शिल्पापुढेच थांबतात. मला मात्र त्या जमिनीवर उभं राहिलं की आधी ती पाच मिनिटं आठवतात. उभं राहायची ताकद नसलेल्या माणसाने, मला हे जमेल का याचं उत्तर मिळायची वाट न बघता, आज अंगात जेवढं आहे तेवढ्याच मापाचं काम उचललं. पुढच्या आयुष्यात विनोबांनी जे प्रचंड चालणं चाललं त्याची रीत इथेच ठरली, असं मला वाटतं.

वर्धा जिल्ह्यात शिखर नाही. साहसाच्या नकाशावर नाव यावं असं इथे काही नाही. सपाट काळी जमीन, तूर, पऱ्हाटी, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाच्या पांदणी आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले तेव्हा सगळ्या विदर्भाची छाती भरून आली, आणि ती यावीच. पण या सपाट जिल्ह्यातूनही मोठ्या मोहिमा निघाल्या आहेत. त्यांना सामान लागलं नाही, दोर लागले नाहीत. त्यांची उंची मोजायची पद्धत आपल्याकडे नाही म्हणून त्या साहसकथांमध्ये गणल्या जात नाहीत, इतकंच.

१९५१ च्या सुरुवातीला पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैशाचा व्यवहार बंद. बैलांशिवाय, माणसाच्या हातांनी शेती. विहीरही हातांनीच. याच वेळी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं. विनोबांचा जायचा विचार नव्हता. सर्वोदयाचे कार्यकर्ते शंकरराव देव यांनी गळ घातली, तुम्ही येणार नसाल तर संमेलन कशाला भरवायचं, असं म्हटलं. आता पैसाच शिवायचा नाही असं ठरवलेल्या माणसाने तिकीट कसं काढायचं? तेव्हा चालत जाऊ, असं ठरलं. अंतर तीनशे मैल. ८ मार्चला सकाळी काही सोबती घेऊन ते निघाले. भूदान हा शब्दसुद्धा तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. पोटात अल्सर, आहार बहुतेक दही आणि गूळ, वय पंचावन्न पूर्ण. एवढ्या बेतावर निघालेली ती पदयात्रा पुढे तेरा वर्षं चालेल असं कुणी सांगितलं असतं तर सोबतच्यांनीही ते हसण्यावारी नेलं असतं.

संमेलन संपल्यावर ते सरळ परतले नाहीत. तेलंगणात तेव्हा आग पेटली होती. १९४६ पासून नलगोंडा, वारंगळ भागात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदार गावं सोडून पळाले होते, पोलीस आणि लष्कर गावोगाव होतं. दिवसा एकाची भीती, रात्री दुसऱ्याची. त्या मुलखात विनोबा विनासंरक्षण पायी शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीला पोचले. तिथल्या दलित वस्तीतल्या लोकांनी सांगितलं, आम्हाला कसायला जमीन मिळाली तर आम्ही जगू. किती लागेल? ऐंशी एकर. विनोबांनी सरकारकडे अर्ज करायचं आश्वासन दिलं असतं तर तो दिवस तिथेच संपला असता. त्याऐवजी त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यापैकी कुणी देऊ शकतं का? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची रात्र. विनोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की त्या रात्री त्यांना तीन-चार तासांच्या वर झोप लागली नाही. त्यांची श्रद्धा दोन गोष्टींवर होती, ईश्वर आणि गणित. अंथरुणात पडून ते हिशेब करत राहिले. साऱ्या देशातल्या भूमिहीनांना पुरवायची तर पाच कोटी एकर जमीन लागते. इतकी जमीन मागून मिळते का? कुणी कधी दिली आहे का? एका गावात एका माणसाला सुचलं म्हणून उद्या दुसऱ्या गावात हात पसरावा, हे शहाणपण की वेडेपण? आतून त्यांना उत्तर आलं ते असं, की हे मागायला जर भीती वाटत असेल, शंका वाटत असेल, तर अहिंसेवरचा विश्वास आजच सोडून द्यावा लागेल. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात त्यांनी पुन्हा जमीन मागितली.

त्या रात्री शंका मिटली असं ते कुठेच म्हणत नाहीत. गणित तर विरोधातच होतं. सकाळी त्यांच्याजवळ एवढंच होतं की पुढचं गाव चार-सहा कोसांवर आहे आणि तिथवर चालता येतं. स्वतःविषयीची खात्री आधी पक्की करावी, मग पाऊल उचलावं, असं आजकाल तरुण मुलांना फार सांगितलं जातं. आत्मविश्वासाची शिबिरं होतात. पोचमपल्लीच्या त्या रात्रीत मला याच्या उलटा क्रम दिसतो. पाऊल आधी पडलं. खात्री मागून, तीही अर्धीमुर्धी, आली.

तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे बारा हजार एकर मिळाले. परतीच्या वाटेवर, जून १९५१ मध्ये, विनोबा वरोऱ्याला थांबले. तिथे गावाबाहेरच्या झुडपी रानात एक वकील, त्यांची पत्नी साधनाताई, दोन लहानगी मुलं आणि सहा कुष्ठरोगी राहायला आले होते. एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. त्या ठिकाणाचं उद्घाटन विनोबांच्या हस्ते झालं. ते आनंदवन. आणि तो वकील मूळचा वर्धा जिल्ह्यातलाच, २६ डिसेंबर १९१४ ला हिंगणघाटला जन्मलेला मुरलीधर देवीदास आमटे.

बाबा आमट्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी धाडसाच्याच आहेत. जमीनदाराचा मुलगा, शिकारीचा नाद, वेगात गाडी हाकायची हौस, सिनेमाची परीक्षणं लिहून हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार. आगगाडीत एका नवविवाहितेची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटलं. पुढे वरोऱ्यात भंगी कामगारांची संघटना बांधताना, त्यांचं काम स्वतः करून बघितल्याशिवाय त्यांच्या वतीने बोलायचं नाही म्हणून, मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. आणि अशाच एका पावसाळी रात्री घरी परतताना गटाराच्या कडेला एक आकार दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे झालेले, पण जिवंत माणूस. तुळशीराम. अभयसाधक घाबरले आणि पळाले.

हे बाबांनीच सांगितलं नसतं तर आपल्याला कधी कळलं नसतं. ते परत आले, त्याला खाऊ घातलं, पावसापासून आडोसा केला. तो वाचला नाही. पण पळून गेल्याचा तो क्षण सहा महिने त्यांना कुरतडत राहिला. शिकारीत, मारामारीत, इंग्रजांसमोर जे धाडस त्यांना सहज जमलं होतं, ते सगळं आपल्या स्वभावाला अनुकूल असं धाडस होतं, हे त्यांना त्या रात्री दिसलं. जिथे भीती खरी होती तिथे पाय मागे वळले होते. म्हणून मग त्यांनी ठरवून तीच जागा निवडली. वरोऱ्यात कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन अभ्यासक्रम पुरा केला. तिथे कुष्ठजंतूंची वाढ करण्यासाठी माणसाचं शरीर हवं होतं, तेव्हा स्वतःचं शरीर देऊ केलं. तो प्रयोग फसला, तो भाग वेगळा. आपल्याला ज्याची भीती वाटते ते आपल्या रक्तात घ्यायची तयारी एका माणसाने दाखवली, हे मात्र घडून गेलं.

बाबांच्या आधी या वाटेवर चाललेला माणूस वर्ध्याचाच होता, आणि त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही याची मला खंत वाटते. मनोहर दिवाण. विनोबांचे नालवाडीचे सोबती. १९३६ मध्ये त्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. त्या काळी हे काम बहुतेक मिशनरीच करत. आपल्या घरातला रोगी लोक गावाबाहेर टाकून देत, त्याच्या सावलीला जात नसत. अशा वेळी हा तरुण त्यांच्यात राहायला गेला, आणि आयुष्यभर राहिला. पुढे सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आता कुष्ठरोगाने ग्रासलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी दिली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. त्या मालिशीचं छायाचित्र जगभर गेलं. दत्तपूरची बातमी कुठे छापून येत नव्हती तेव्हाही तिथल्या जखमा रोज धुतल्या जात होत्या.

आता विनोबांच्या वाटेकडे पुन्हा वळतो. पंतप्रधान नेहरूंनी दिल्लीला चर्चेला बोलावलं, विमानाची सोय होती. विनोबांनी कळवलं, येईन, पण माझ्या वेगाने. १२ सप्टेंबर १९५१ ला ते पवनारहून पुन्हा निघाले आणि दोन महिन्यांनी राजघाटावर पोचले. तिथून पुढे थांबणं नव्हतंच. दिवसाचा क्रम ठरलेला असे. पहाटे तीनच्या सुमारास उठणं, प्रार्थना, अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालायला सुरुवात. दहा-बारा मैलांवर पुढचा मुक्काम. दुपारी भेटी, टपाल, अभ्यास. संध्याकाळी सभा. जो प्रांत लागेल त्याची भाषा चालता चालता शिकायची. कुणा ना कुणा सोबत्याबरोबर वाटेत धडे चालत.

हे सगळं ऐकायला रम्य वाटतं, पण त्यात रम्य असं थोडंच होतं. डिसेंबर १९५२ मध्ये आजच्या झारखंडातल्या चांडिलला मलेरियाने गाठलं, तेही त्यातल्या जीवघेण्या प्रकाराने. ताप उतरेना आणि विनोबा औषध घेईनात. बिहारचे नेते, कार्यकर्ते हवालदिल झाले. शेवटी लोकांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी औषध घेतलं आणि वाचले. औषध न घेण्याचा त्यांचा हट्ट मला कधीच पटलेला नाही. सोडलेला हट्ट मात्र मोठा वाटतो. आपला नियम दुसऱ्यांच्या जिवाला घोर लावत असेल तर तो मोडता आला पाहिजे, आणि त्यांना तो मोडता आला. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरला हरिजनांना बरोबर घेऊन वैद्यनाथाच्या मंदिरात निघाले, तेव्हा पंड्यांनी सगळ्यांना मारहाण केली. एक फटका विनोबांच्या कानावर बसला. त्या कानाची श्रवणशक्ती गेली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असं निवेदन त्यांनी दिलं. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, पंढरपूरला सर्व धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाच्या मंदिरात त्यांचं स्वागत झालं.

१९५९ मधली एक घटना मला फार बोलकी वाटते. काश्मीरमध्ये जायचं म्हणजे पायी पीरपंजाल ओलांडायचा. खिंडीची उंची साडेतेरा हजार फूट, वय त्रेसष्ठ, आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. दरडी, पूर, वाट बंद. दिवसच्या दिवस खोळंबा. मोटारीचा दुसरा रस्ता होता. विनोबांनी मनाशी ठरवलं, पीरपंजाल ओलांडता आला नाही तर काश्मीरला न जाणं हीच ईश्वराची इच्छा मानायची आणि पंजाबात परत फिरायचं. पाऊस उघडला आणि ते खिंड चढून गेले. चढून गेले ते मोठंच, पण परत फिरायला मन आधीच तयार होतं, हे मला त्याहून मोठं वाटतं. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे शिकावं. माघारीची तयारी नसलेलं साहस शेवटी दुसऱ्या कुणाला तरी भोवतं, बहुतेक वेळा सोबतच्या माणसांना.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले. सुमारे सत्तर हजार किलोमीटर पायाखालून गेले होते. हिशेब काय निघाला? पाच कोटी एकरांचं उद्दिष्ट १९५७ पर्यंत गाठायचं होतं. एकूण दानात आले सुमारे ४२ लाख. म्हणजे दहावा हिस्साही नाही. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ, वादातली किंवा नुसती कागदावरची होती. बरीच कधी वाटलीच गेली नाही. गणितावर श्रद्धा असलेल्या माणसाला हे आकडे दिसत नव्हते असं कसं म्हणावं? त्या पहिल्या रात्रीची शंका पूर्णपणे खोटी ठरली नाही, हे कबूल करायलाच हवं. आणि तरीही लाखो एकर जमीन भूमिहीनांच्या हातात गेली, तीही मागून, रक्त न सांडता. ज्या कुटुंबाला दोन एकर मिळाले त्या कुटुंबाच्या लेखी ती मोहीम फसलेली नव्हती.

कष्टांनी माणूस घडतो, हे वाक्य वर्धा जिल्ह्यात तरी जपून वापरायला हवं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने त्या काळात अख्खं गाव विकायला काढल्याची पाटी लावली. तिथल्या माणसांच्या वाट्याला कष्ट कमी नव्हते. कर्ज, बोंडअळी, पडलेले भाव, लांबलेला पाऊस यांच्याशी झुंजून माणूस कणखर होतो हे त्यांना जाऊन सांगायची माझी हिंमत नाही, आणि कुणाची असू नये. न निवडलेले कष्ट माणसाला मोडतात, बहुतेक वेळा. विनोबांनी, मनोहर दिवाणांनी, बाबा आणि साधनाताईंनी जे कष्ट अंगावर घेतले ते निवडून घेतले. ते सोडून जायची वाट त्यांना नेहमी मोकळी होती. मग त्यांच्या कष्टांना अर्थ कशाने आला? माझ्या मते एकाच गोष्टीने. त्यांनी निवडलेले कष्ट अशा कुणाच्या तरी कष्टांना जाऊन भिडले ज्याला निवड नव्हती. भूमिहीनाच्या दारापर्यंत ते चालणं पोचलं, गटारातल्या तुळशीरामापर्यंत ती भीती परत आली. स्वतःची ताकद अजमावण्यापुरतं साहस करून माणूस काही काळ उजळतो, हे मी नाकारत नाही. पण समाधान टिकलेलं दिसतं ते या दुसऱ्या प्रकारात.

आनंदवनात विहीर खणणाऱ्या हातांना बोटं नव्हती, हेही इथे सांगायला हवं. त्या सहा जणांची नावं आपण लक्षात ठेवली नाहीत. पन्नास एकर खडकाळ रानात वाघ-बिबट्यांच्या वावरात ते बाबांच्या बरोबरीने राबले. गावातून हाकललेली ती माणसं. कष्ट त्यांच्यावर लादले गेले होते, पण त्या विहिरीपासून निदान काही कष्ट त्यांचे स्वतःचे झाले. पिकवलेल्या भाजीला आधी गिऱ्हाईक नव्हतं, कारण ती कुष्ठरोग्यांनी पिकवली होती. काही वर्षांत तीच भाजी वरोऱ्याच्या बाजारात विकली जाऊ लागली. त्यानंतर बाबांचा पाठीचा कणा इतका बिघडला की बसणं बंद झालं, फक्त उभं राहायचं किंवा झोपायचं. त्या अवस्थेत, डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी ते ११६ तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीतल्या खाटेवर. ‘भारत जोडो’ हे नाव तेव्हाचं. पाच हजारांहून अधिक किलोमीटर.

वर्ध्याच्या या परंपरेतला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग बायकांचा आहे. २५ मार्च १९५९ ला पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. घरदार सोडून सामूहिक साधना करायची मुभा आपल्याकडे शतकानुशतकं पुरुषांना होती. विनोबांनी ती जागा स्त्रियांसाठी उभी केली. तिथे मुख्य अशी कुणी नाही, निर्णय सर्वांच्या संमतीने. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई सगळं स्वतःच्या हातांनी. ‘मैत्री’ नावाचं मासिक त्यांनी वर्षानुवर्षं काढलं. कित्येक जणी पदयात्रेतूनच आल्या होत्या. वीस-बाविसाव्या वर्षी, आईवडिलांचा रोष पत्करून, उद्याचा काही भरवसा नसताना.

आणि १९६७ साली चार स्त्रिया लोकयात्रेला निघाल्या. त्यांतल्या दोघी आसामच्या, हेमा भराली आणि लक्ष्मी फुकन. बारा वर्षं चालायचं ठरलं होतं, आणि त्या बारा वर्षं चालल्या. प्रांतामागून प्रांत, गावामागून गाव, जवळ पैसा नाही, संरक्षण नाही, रात्रीचा मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर. विनोबांच्या मागे मोठं नाव होतं, पुढे वार्ताहर होते, गावात पोचण्याआधी स्वागताच्या कमानी उभ्या राहत. या चौघींना पुष्कळ गावांत आधी आपण कोण आणि एकट्या का फिरतो हे समजावून सांगावं लागे. अशा वेळी शंका आल्या नसतील का? घरी फिरावं असं वाटलं नसेल का? आजारपणं, पाळी, पाऊस, वाईट नजरा, सगळं त्या बारा वर्षांत आलंच असणार. हिमालयातली शिखरं चढून आलेल्यांवर मराठीत ग्रंथ आहेत, असावेतच. या बारा वर्षांवर एक मोठं, तपशीलवार मराठी पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. ज्यांनी ती यात्रा आपल्या अंगणात थांबलेली पाहिली, अशी माणसं आजही गावोगाव असतील. त्यांना विचारायला कुणीतरी लवकर निघावं.